नेटवरचा हात

दुहेरीची मॅच किती वाजता, असं कुणी विचारलं की आमच्या टेनिसमधल्या बायका हसतात. दुहेरीला वेळ नसते. एकेरीची शेवटची मॅच संपल्यावर, एवढंच बोर्डावर लिहिलेलं असतं. एकेरीतल्या त्या दोघींना घरी जायची घाई नसली की आमचा दिवस प्लास्टिकच्या खुर्चीत बसून जातो.

सेमीफायनलच्या दिवशी तेच झालं. सकाळी अंग गरम केलं, ते गार झालं. दुपारी परत गरम केलं, परत गार झालं. माझ्या वयाला शरीर जुन्या मोटारीसारखं असतं, उगाच चावी फिरवत बसलं की बॅटरी उतरते. शेवटी रेफरीबाई आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला मागचं कोर्ट देते. मुख्य कोर्टावर उद्याच्या फायनलचे बॅनर लावायचेत."

उद्याची फायनल म्हणजे एकेरीची. आमच्या फायनलला बॅनर नसतो. मागचं कोर्ट म्हणजे पार्किंगला लागून असलेलं, जिथं रेषेबाहेर दोन पावलं टाकली की कुंपण पाठीला लागतं. बॉल वापरलेले. बॉल गोळा आपणच करायचे. स्पर्धा 'व्यावसायिक' असते हो, कागदावर. आम्ही हातानं मोजे धुऊन हॉटेलच्या खिडकीत वाळत घालणाऱ्या व्यावसायिक.

आम्ही म्हणजे मी आणि माझी नणंद. ती माझ्या नवऱ्याची लहान बहीण, म्हणून घरात तिला सगळे धाकटी म्हणतात. आणि ती कोर्टावर "वहिनी, तुझा! वहिनी, सोड!" असं कोकलत असते, म्हणून ह्या स्पर्धांमधून मला सगळेच वहिनी म्हणतात. समोरच्या खेळाडू म्हणतात, रेफरीबाई म्हणतात, रॅकेटच्या तारा ओढणारा म्हणतो. एकदा तर अंपायरनं माइकवर चुकून "वहिनींची सर्व्हिस" म्हटलं आणि मग माफी मागितली. मी म्हटलं, राहू द्या, नावानं विचारतंय कोण.

सासूबाईंना ह्या खेळातलं एकच कळलेलं आहे. "तिकडे एकेक जण अख्खं मैदान सांभाळते. तुम्ही दोघी मिळून एक सांभाळता. तरी घरी येता त्या ह्या अशा, पिळून वाळत घातल्यासारख्या." माझी मुलगी त्यांच्याजवळ असते, म्हणून मी हसून घेते. सासूबाई चुकीचं बोलत नाहीत. मला स्वतःलाच कळत नाही मी एवढी कशानं दमते.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जोडीला स्पर्धेत जागा मिळते ती दोघींच्या क्रमांकांची बेरीज करून. बेरीज जितकी कमी तितकी मोठी स्पर्धा. धाकटीचा क्रमांक चांगला आहे. माझा होता. मुलीच्या वेळी मी खेळ थांबवला तेव्हा तो जो घसरला तो अजून चिखलातून वर येतोय. म्हणजे आमच्या जोडीत ओझं मी आहे आणि ओढणारी ती. हे आमच्यात कधी कुणी बोललेलं नाही. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा धाकटी शाळेत होती आणि तिच्या हातात पहिली रॅकेट मी दिली. त्या भांडवलावर मी इतकी वर्षं खाल्लं. माझ्या वयाच्या, माझ्या क्रमांकाच्या बाईला नवी जोडीदार कुणी होत नाही. धाकटी आहे तोवर मी खेळाडू आहे. ज्या दिवशी ती सोडेल त्या दिवशी मी कुणाची तरी आई आणि कुणाची तरी सून. वाईट नाही ते. पण मला ते इतक्यात नको होतं, आणि का नको होतं ह्याचा खुलासा मी कुणालाही देणार नाही.

कपडे बदलायच्या खोलीत डावरी भेटली. ही त्या दिवशी आमच्या विरुद्ध खेळणार होती. डाव्या हातानं खेळते म्हणून डावरी; तोंडानं मात्र दोन्ही बाजूंनी खेळते. माझ्याच वयाची. तिची जोडीदार म्हणजे शिडी. इतकी उंच की नेटजवळ उभी राहिली की पलीकडचं आभाळ दिसत नाही. वयानं धाकटीएवढी.

डावरी बाकावर बसून बोटांना चिकटपट्टी गुंडाळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी, एक विचारू? चिडणार नाहीस ना?"

"चिडायचं असेल तर चिडेन. विचार."

"पुढच्या आठवड्यात तू कुठं?"

"धाकटी जिथं तिथं. हा काय प्रश्न झाला?"

तिनं चिकटपट्टी दातानं तोडली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती. डावरीच्या नजरेत कीव! ही बाई हरणाऱ्याशी हात मिळवताना घड्याळ बघते.

"म्हणजे तुला सांगितलंच नाही तिनं," ती म्हणाली.

"काय सांगायचं?"

"शिडी मला सोडतेय. काल नाश्त्याला सांगितलं. उकडलेलं अंडं सोलता सोलता म्हणाली, पुढच्या आठवड्यापासून मी दुसरीबरोबर खेळणार. आणि लगेच म्हणाली, मीठ दे."

"दिलंस?"

"दिलं. काय करू? समोरच होतं." डावरीनं पट्टीचा गोळा करून डब्यात फेकला. नेम चुकला. "ती दुसरी म्हणजे तुझी नणंद."

मी बुटाची नाडी बांधत होते. ती बांधून झाली होती, तरी मी सोडून परत बांधली.

"कुणी सांगितलं?"

"शिडीनंच. सगळ्यांना ठाऊक आहे गं. तारा ओढणाऱ्याला ठाऊक आहे. मला वाटलं तुमचं घरातलं घरात बोलणं झालं असेल."

घरातलं घरात. आम्ही एका खोलीत झोपतो, एका आरशात केस बांधतो, तिच्या गुडघ्यावर मी बर्फ धरते आणि माझ्या पाठीला ती मलम चोळते. सकाळी तिनं मला विचारलं होतं, वहिनी, केळं अर्धं अर्धं करायचं का? आणि हे तिला विचारता आलं नाही, सांगता आलं नाही. तारा ओढणाऱ्याला ठाऊक होतं.

"मजा बघ," डावरी म्हणाली, "पुढच्या आठवड्यात ज्या दोघी एकत्र, त्यांना आज आपण समोरासमोर खेळवणार. आणि त्या दोघींनी टाकलेल्या आपण दोघी, आपणही समोरासमोर. असला सामना कुणी तिकीट काढून बघितला असता." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ऐक. आपण उरलो. तू उरलीस, मी उरले. लावायची का जोडी? माझा क्रमांक तुझ्यापेक्षा बरा आहे. बेरीज काही फार ग्रेट नाही होणार, पण ह्या असल्या स्पर्धांत घेतील. मी भांडखोर आहे, तुला माहीत आहे. पण तुझं डोकं थंड असतं."

"आधी आजचं होऊ दे," मी म्हटलं.

"होऊ दे की. पण विचार कर. मला दुसरी कुणी नाही."

हे शेवटचं वाक्य तिनं इतकं सरळ म्हटलं की मला तिच्याबद्दल पहिल्यांदा काहीतरी बरं वाटलं.

बाहेर धाकटी दोरीवर उड्या मारत होती. मला बघून म्हणाली, "किती वेळ? मला वाटलं डावरीनं तुला आत कोंडलं."

"बोलत बसली होती."

"काय म्हणते?"

"काही नाही. तिचं नेहमीचं."

मी विचारलं नाही. आता वाटतं, तिथंच बॅग खाली टाकून विचारायला हवं होतं. पण मॅचच्या आधी जोडीदाराशी भांडू नये हे मीच तिला शिकवलेलं, आणि मला वाटलं, ती सांगेल. दोन कोर्टांमधल्या त्या पायवाटेवर सांगेल. सांगितलं नाही. पार्किंगमधून जाताना ती एवढंच म्हणाली, "वहिनी, आज डावरीला उंच बॉल नको. ती मारते."

प्रेक्षक तीन होते. त्यातला एक नंतर उठून गाडी काढून गेला, म्हणजे तो प्रेक्षक नव्हताच.

पहिला सेट आम्ही घेतला. मला राग आला होता आणि राग पहिल्या सेटला चांगला पडतो. बॉलवर असा हात बसत होता की शिडी दोनदा नेटवरून मागे सरकली. धाकटी खूश. "वहिनी, आज काय खाल्लंस गं?" अर्धं केळं, मी मनात म्हटलं.

दुसऱ्या सेटमध्ये राग संपला आणि मागे नुसता थकवा राहिला. रागाचं असंच आहे, जाताना पायातलं सगळं घेऊन जातो. माझी सर्व्हिस पडायला लागली. पडायला म्हणजे बॉल पलीकडे जात होता, पण हात जोडून जात होता. आणि तेव्हाच माझं लक्ष धाकटीच्या हाताकडे जायला लागलं.

जोडीत एक सर्व्हिस करते तेव्हा दुसरी नेटजवळ पाठमोरी उभी असते. ती पाठीमागे हात नेऊन खूण करते. समोरच्यांना दिसत नाही, फक्त सर्व्हिस करणारीला दिसतं. आमची खूण साधी. मूठ म्हणजे मी आहे तिथंच उभी राहणार. उघडा हात म्हणजे सर्व्हिस पडली की मी पलीकडच्या अर्ध्यात झेप घेणार, माझी बाजू रिकामी होईल, ती तू धावून झाक. मागून सर्व्हिस करणारी "हं" म्हणते. 'हं' म्हणजे ठरलं. मग ती जाते, मी तिची जागा घेते. बघणाऱ्याला वाटतं जादू आहे. जादू काही नाही, एक जण सांगते आणि दुसरी ऐकते. अख्खी दुहेरी ह्या एका 'हं'वर उभी असते.

धाकटीचा हात निम्म्या वेळा तरी उघडा असतो. तिला जायला आवडतं, चपळ आहे. त्या दुसऱ्या सेटमध्ये मूठ. परत मूठ. पुढच्या पॉइंटला मूठ. मी सर्व्हिस करायची, समोरून रिटर्न यायचा, धाकटी जागच्या जागी उभी, आणि तो तिरपा बॉल मी धापा टाकत उचलायची. मूठ. मूठ. माझ्या डोक्यात किडा शिरला. ही खेळतच नाहीये. हिला हरायचंय. शिडीबरोबर जायचंच आहे तर आज तिला कशाला दुखवा? रेफरीला कळणार नाही, प्रेक्षकाला कळणार नाही. दुहेरीत एखादीनं मनातून खेळ सोडला की ते फक्त मागे उभ्या असलेल्या बाईला दिसतं.

बाजू बदलताना ती टॉवेलनं तोंड पुसत म्हणाली, "वहिनी, दमलीस का? जरा हळू घे."

"तू तुझं बघ," मी म्हटलं.

ती दचकली. मी तिच्याशी कोर्टावर असं कधी बोलले नव्हते. "बरं," म्हणाली आणि पाणी प्यायली.

सेट गेला. आमच्या नशिबात तिसरा सेट नसतो. बरोबरी झाली की दहा पॉइंटांचा टायब्रेक खेळवतात. उरका आणि कोर्ट रिकामं करा, असा त्याचा अर्थ. एकेरीच्या बायका तीन-तीन तास खेळोत, आमच्यासाठी दिवे लावायला कुणाला परवडत नाही.

टायब्रेक रांगत रांगत वर गेला. आम्ही एक, त्या एक. आता मला सांगायला लाज वाटत नाही, त्या टायब्रेकमध्ये धाकटी वेड्यासारखी खेळली. एक बॉल तर तिनं कुंपणाला खांदा घासत उचलला, खांदा सोलला, आणि तो पॉइंट आम्हाला मिळवून दिला. कुणालाही तेवढ्यावर कळलं असतं. पण किडा शिरलेल्या डोक्याला काही कळत नाही, ते प्रत्येक गोष्टीचा स्वतःला हवा तो अर्थ लावतं. मला वाटलं, दाखवायला करतेय. उद्या भावाला सांगता यावं म्हणून.

आठ-नऊ. त्या नऊ. हा पॉइंट गेला की संपलं. सर्व्हिस माझी, डाव्या बाजूनं. समोर घ्यायला डावरी. धाकटी नेटजवळ उजव्या अर्ध्यात.

तिनं हात मागे नेला. हात उघडा होता. पाची बोटं फाकलेली, खांद्यावरून ओघळलेलं रक्त कोपरापर्यंत आलेलं.

"हं," मी म्हटलं.

मी 'हं' म्हटलं आणि मनात म्हटलं, ही जाणार नाही. हात उघडा दाखवेल, जाणार नाही, मी उजवीकडे धावेन, डावी बाजू उघडी पडेल, आणि नंतर म्हणेल, वहिनी, चुकून झालं गं. मी बॉल वर फेकला. सर्व्हिस बरी पडली, त्या सेटपासूनची सगळ्यात बरी. धाकटी गेली. दिलेल्या शब्दाप्रमाणे गेली, अंग झोकून डावीकडे गेली. मी हलले नाही. डावीकडेच उभी राहिले. डावरीनं तिला जाताना पाहिलं आणि बॉल सरळ मारला, उजव्या अर्ध्यात, जिथं कुणी नव्हतं. जोरातही मारला नाही. बॉल दोनदा टप्पे खाऊन कुंपणाला लागला आणि आम्ही दोघी एकमेकींपासून दोन हातांवर, एकाच बाजूला, बसथांब्यावर उभ्या राहिल्यासारख्या.

धाकटीनं वळून माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही नेटपाशी जाऊन हात मिळवले. शिडी धाकटीच्या कानात काहीतरी बोलली. धाकटीनं मान हलवली नाही, नुसती बॅग उचलली.

डावरीनं माझ्याशी हात मिळवताना घड्याळ बघितलं नाही. माझा हात धरून ठेवला आणि म्हणाली, "आत ये, बोलायचंय."

मला वाटलं जोडीचं बोलायचंय. माझ्या मनात, खोटं कशाला बोलू, हो म्हणायचं ठरलं होतं. शरीर संपलं होतं, पण कुणीतरी बोलावतंय म्हटल्यावर ते उठलं असतं.

खोलीत तिनं दार लावलं. "शेवटच्याला तिनं हात उघडा दाखवला होता ना?"

"तुला कसं दिसलं?"

"हात नाही दिसला. तिला जाताना दिसलं. चुकून अशी कुणी जात नाही. ती ठरवून गेली. आणि तू पाय रोवून उभी. पाय नव्हते म्हणून नाही. मी बघत होते, तू तयारच झाली नाहीस." डावरी बाकावर बसली. तिची फायनल लागली होती, पण चेहरा सुतकी. "मी जे मॅचआधी सांगितलं त्यामुळे ना?"

मी बुटाची नाडी सोडायला लागले.

"मी सांगायला नको होतं. मला वाटलं, तुला ठाऊक असावं. शप्पथ, मॅच घ्यायला नाही सांगितलं."

"ठाऊक आहे."

"वहिनी, मग आणखी एक ठाऊक असू दे. मी तुझ्याबरोबर नाही खेळणार." तिनं हे कसं म्हणावं ह्याचा विचार केलेला नव्हता, तोंडाला आलं तसं म्हटलं. "शिव्या देणारी जोडीदार मला चालेल, मीच देते. पळू न शकणारी चालेल. पण मी हात दाखवला आणि मागून कुणी हं म्हणालं, तर मी डोळे मिटून जाणार. मग तू आलीस का हे मी वळून बघत बसू?"

"नको बघूस," मी म्हटलं.

"राग मानू नकोस."

"तू बरोबर बोलतेयस. राग कशाला मानू."

ती उठली, माझ्या पाठीवर थाप मारावी की नाही असा हात अर्धवट उचलला, आणि आंघोळीला गेली. पाण्याचा आवाज सुरू झाला. मी बूट काढले. पायाची नखं काळी पडलेली असतात आमची, कितीही कापली तरी. बराच वेळ नखांकडे बघत बसले. रडू आलं नाही. रडायलाही थोडी ताकद लागते.

धाकटी बाहेर कुंपणाशी बसली होती, स्वतःच्या खांद्याला स्वतःच पट्टी लावायचा प्रयत्न करत. पोचत नव्हतं. मी तिच्या हातातून पट्टी घेतली, जखम पुसली, लावली. ती माझ्याकडे न वळता म्हणाली,

"मी हात उघडा दाखवला होता."

"पाहिला."

"हं पण म्हणालीस."

"म्हणाले."

"मग?"

"मला वाटलं तू जाणार नाहीस."

आता ती वळली. तिचा असा चेहरा मी एकदाच पाहिला होता, तिच्या वडिलांच्या आजारपणात, डॉक्टर खोटं बोलतोय हे कळलं तेव्हा. "मी? जाणार नाही? एवढ्या वर्षांत एकदा तरी हात दाखवून गेले नाही असं झालंय?"

"अख्खा सेट मुठी दाखवत होतीस."

"कारण तुझी सर्व्हिस पडत होती, वहिनी!" ती ओरडली. पार्किंगमधला एक माणूस वळून बघायला लागला. "त्या सर्व्हिसवर मी गेले असते तर डावरीनं माझ्या तोंडावर मारलं असतं. तुला सांगू कसं? हळू घे म्हटलं तर म्हणालीस, तू तुझं बघ. मी मुठी दाखवत होते तुला सांभाळायला. शेवटी म्हटलं, आता काहीतरी करायलाच हवं, म्हणून गेले. तू येशील म्हणून गेले."

मला एकदम सगळं दिसलं, आणि दिसून काही उपयोग नव्हता.

"डावरीनं सांगितलं मला," मी म्हटलं. "तुझं आणि शिडीचं."

ती खाली बसली. राग तिचाही संपला. "कधी?"

"मॅचच्या आधी."

"म्हणून."

"म्हणून."

एक गाडी उलटी घेताना टीं टीं करत राहिली.

"मी आज सांगणार होते," ती म्हणाली. "मॅच झाल्यावर. फायनल लागली असती तर बरं वाटलं असतं सांगायला. वाटलं, तुला एक फायनल देऊन मग सांगावं."

"देऊन."

"चुकीचं बोलले."

"नाही, बरोबरच बोललीस. मला राग त्याचा आहे की तारा ओढणाऱ्याला माझ्या आधी कळलं."

"शिडीचं तोंड फाटकं आहे."

"मग तिच्याबरोबर जपून खेळ." मी पट्टीचा कागद चुरगाळला. "जा तू. बेरीज चांगली होईल तुमची. मोठ्या स्पर्धा मिळतील. तू अजून दहा वर्षं खेळशील, माझ्याबरोबर त्यातली तीन वाया गेली असती. हे मला कळत नाही असं नाही. पण तू हे माझ्या तोंडावर म्हणायला हवं होतंस, केळं अर्धं करताना."

"हिंमत झाली नाही."

"कोर्टावर तर तुझी हिंमत झाली."

"कोर्टावर सोपं असतं गं," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही, लांबही सरकले नाही. दमलेल्या माणसाला मधलंच काहीतरी जमतं.

तेवढ्यात तिच्या फोनवर तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा. तो मॅच झाली की तिलाच करतो, कारण मी हरल्यावर फोन उचलत नाही हे त्याला माहीत आहे. तिनं नाक पुसलं आणि फोन मधे धरला.

"काय गं, काय झालं?"

"हरलो, दादा. माझ्यामुळे गेली. शेवटच्याला मी उगाच..."

मी फोन तिच्या हातातून घेतला. "खोटं बोलतेय ती. तिनं खूण केली, मी हो म्हटलं आणि हलले नाही."

"अगं, दमली असशील."

"दमलेच आहे. पण त्यानं नाही गेली."

त्याच्या मागे आमची मुलगी कशासाठी तरी हट्ट करत होती आणि सासूबाई तिला दटावत होत्या. मग त्याला जे नेहमी करायचं असतं ते त्यानं केलं, कामाचं विचारलं.

"बरं, मग गाडी कुठली? स्टेशनवर येतो मी. तुम्हा दोघींच्या बॅगा असतील, रिक्षात मावणार नाहीत."

धाकटी माझ्याकडे बघत होती.

"रिक्षात मावतील," मी म्हटलं. "एकटीच येतेय."